वहीच्या कडेचा ‘क’

सोमवार, ८ सप्टेंबर

म्हसळ्याहून सकाळच्या गाडीने निघून दुपारी एकला उरणच्या नौदल डेपोच्या गेटवर. ओळखपत्र, फोटो, अंगठा, पिशवीची झडती. विनिताने दिलेला पातोळ्यांचा डबासुद्धा जवानाने उघडून पाहिला आणि फडक्यात पुन्हा बांधून दिला. गाठ माझ्यापेक्षा चांगली मारली.

वही नवी आहे, म्हणून पहिल्या पानावर कामाचं लिहून ठेवतो. मी चांगदेव शिगवण, आरोग्य खात्यात एकतीस वर्षं आकडेवारी सांभाळून निवृत्त. नौदलाच्या चार ठिकाणी तीन वर्षांपासून ताप-नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. डास हटवा आणि ताप लवकर शोधा, एवढंच त्याचं सार. मूल्यमापनाला बाहेरचा माणूस हवा म्हणून मला नेमलंय. बाकीची तीन ठिकाणं मी जुलैत पाहिली. तिन्हीकडे तापाचे रुग्ण निम्म्यावर आलेत. इथे मात्र वर्षाला एकेचाळीस होते ते एकशे बारा झाले. सगळे उतरणीला आणि हे एकटे चढणीला! मुख्यालयाने पत्रात लिहिलंय, ‘येथील कार्यक्रम चालू ठेवण्याची गरज तपासावी.’ सरकारी भाषा मला कळते. बंद करायचा आहे, फक्त सही माझी हवी.

अहवालाच्या शेवटी घोषणापत्र असतं. ‘मूल्यमापकास या कार्यक्रमापासून काही लाभ झाला आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ आजवर मी तिथे एकच शब्द लिहीत आलो, ‘नाही’, आणि तोही वळणदार अक्षरात. त्या एका शब्दाचा मला अभिमान आहे.

संध्याकाळी घरी विनिताला फोन केला. मागच्या दारच्या टाकीचं झाकण मेच्या सुट्टीत पाहुण्यांच्या पोरांनी फोडलं, ते अजून तसंच आहे म्हणाली. आल्यावर बघतो म्हटलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

डेपोतल्या दवाखान्याला इथे सिक-बे म्हणतात. प्रमुख सर्जन लेफ्टनंट प्राप्ती, अमरावतीकडची, तिशीच्या आतबाहेरची पोरगी. बोलणं मोजकं, टेबल स्वच्छ. तिच्या हाताखाली मैना म्हात्रे, इथल्याच मिठागरवाल्या घरातली, पन्नाशीची, कंत्राटी आरोग्यसेविका. कार्यक्रम बंद झाला तर पहिली जाणार ती मैनाच, हे दोघींनाही ठाऊक आहे. तरी दोघींनी माझ्यापुढे चहाखेरीज काही ठेवलं नाही. हे मला आवडलं.

बाकी तीन ठिकाणी भिंतीवर फिरती ढाल होती. ज्या तळावर सर्वांत कमी ताप, त्याला त्या वर्षीची ढाल. इथे ढालीसाठी ठोकलेल्या खिळ्यावर मैनाची छत्री लटकते.

रजिस्टर पाहिलं. नोंदी चोख, पण समासात बऱ्याच नावांसमोर पेन्सिलीने ‘क’ लिहिलंय. अधिकृत नमुन्यात असलं काही नाही. एकशे बारापैकी एकाहत्तर नावांसमोर ‘क’. बहुधा कंत्राटी कामगार. विचारलं नाही. एकदा विचारायला लागलं की लोक समजावू लागतात, आणि समजावलेला आकडा माझ्या कामाचा नसतो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज पाण्याच्या टाक्या पाहिल्या. एकूण चौसष्ट. प्रत्येकीला घट्ट झाकण, झाकणावर क्रमांक, आणि दर शुक्रवारी तपासल्याची सही. मी मुद्दाम आडबाजूची एकावन्न नंबरची टाकी उघडायला लावली. आत बॅटरी मारली, एक अळी नाही. तपासणाऱ्या जवानाला विचारलं, एखाद्या शुक्रवारी नाही बघितली तर कोणाला कळणार? तो म्हणाला, “मला कळणार ना साहेब.” शिस्त शिस्त म्हणतात ती ही. आमच्या खात्यात अशी चार माणसं असती तर मी दहा वर्षं आधी निवृत्त झालो असतो.

मग ताप वाढला कसा? नेमकं हेच बसत नाही.

इथला चहा मात्र कडू आहे. दुसरा चमचा साखर घातली तरी कडू. मैनाला सांगितलं तर माझ्याकडे टक लावून बघत राहिली. रागावली असावी. पाठ आणि मांड्या दुखतात, टाक्यांच्या शिड्या चढल्याचा परिणाम.

शनिवार, १३ सप्टेंबर

मसुद्याला सुरुवात केली. निष्कर्ष स्पष्ट आहे: डासनियंत्रण उत्तम, तापावर परिणाम नाही, सबब सेविकेचं पद आणि ताप शोधण्याची तिची सकाळची फेरी बंद करण्यास हरकत नाही. ‘हरकत नाही’ हा शब्दप्रयोग मला सोयीचा वाटतो, त्यात कुणाचंच नाव येत नाही.

मैना माझ्यावर पाळत ठेवून आहे. काल माझी खुर्ची पंख्याखालून हलवली, आज चहाऐवजी लिंबूपाणी दिलं. अहवाल जवळ आला की लोक असे गोड वागतात, नवीन नाही मला.

विनिताचा आवाज थकलेला वाटला. अंग जड झालंय म्हणाली. “ताप आहे का?” विचारलं. “नाही हो, ताप कुठला,” म्हणाली. साखरेचं प्रमाण तपासून घे म्हटलं. गणपतीत तिला दगदग झालीच होती. झाकणाचंही पुन्हा काढलं तिने. आल्यावर बघतो म्हटलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

मसुदा डॉक्टर प्राप्तीला वाचायला दिला. तसा नियम आहे. तिने दोनदा वाचला. चेहऱ्यावर काही नाही. एवढंच विचारलं, “सर, हॉस्पिटलमध्ये दाखल किती झाले, ते बघितलंत?”

“माझ्या कामाच्या चौकटीत ते नाही,” मी म्हणालो. “तापाचे रुग्ण मोजायचे, एवढंच लिहून दिलंय.”

“ठीक आहे, सर.” मसुदा परत देत म्हणाली, “एकदा मैनाताईंची सकाळची फेरी बघा. बुधवारी या. मी काहीच सांगत नाही, नाहीतर बाई स्वतःची बाजू मांडते असं वाटेल तुम्हाला.”

आत फार गार होतं. एसी बंद करा म्हटलं, तर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “सर, ताप वगैरे नाही ना तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं. अजिबात नाही म्हटलं. अकरा वर्षांत मी तापाने पडलेलो नाही. पहिल्या दिवशीच्या फॉर्मवरही तापासमोर ‘नाही’ लिहून दिलंय.

एसी नंतर कळलं, सकाळपासून बंदच होता.

बुधवार, १७ सप्टेंबर

सिक-बेच्या खाटेवरून लिहितोय. अक्षर हलतंय. जमेल तेवढं आजच लिहून ठेवायचं आहे.

सकाळी सातला गेटच्या आत हजेरीची रांग लागते. नौदलाचे जवान एका बाजूला, स्थानिक कामगार दुसऱ्या बाजूला. मैना रांगेतून चालत जाते, हाताची उलटी बाजू मानेला लावते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते. मी ऐकायला जवळ गेलो. मला वाटलं होतं विचारत असेल, ताप आहे का. तर नाही.

“कसर हाय का?”

कामगार म्हणत होते, न्हाय ताई, न्हाय ताई. एक म्हणाला, “जराशी हाय.” त्याला बाजूच्या बाकावर बसवलं. मग तमिळ दिसणारा एक उंच जवान आपणहून पुढे आला आणि म्हणाला, “ताई, आज कसर.” त्यालाही बसवलं. कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही.

हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला! आई म्हणायची. भात झोडून आलो की गळ्याला हात लावायची, “चांगू, अंगात कसर आहे तुझ्या, आज नदीवर नको जाऊ.” ताप म्हणजे माणूस झोपला. कसर म्हणजे माणूस कामावर आहे, पण आतून काहीतरी बिघडायला लागलंय.

मैना रांगेच्या टोकाला आली. तिथे मी वही घेऊन उभा. तिने माझ्या मानेला हात लावला नाही, अदबीने उभी राहून फक्त विचारलं, “सायेब, तुमाला कसर हाय का?”

आणि माझ्या तोंडून, मी काही ठरवायच्या आत, गेलं, “आहे. सहा-सात दिवस झाले.”

“मना पयल्याच गुरवारी वाटला,” ती म्हणाली. “च्या कडू लागतं बोललाव ना तवा. पन तुमी मोठं सायेब. तुमाला कसा इचारायचा?”

बोटातून थेंब घेतला. मलेरिया. गोळ्या तिथेच सुरू झाल्या. मैनाने रजिस्टर उघडलं आणि शाईच्या पेनाने माझं नाव लिहिलं. एकशे तेरा. समासात पेन्सिलीने ‘क’.

मी म्हणालो, “बाई, याच आकड्यामुळे तुमचं काम जायची वेळ आलीय. माझं नाव सोडलंत तरी चालेल, मी कुठे इथला?”

“आलाय तर लिवायला नको?” एवढंच म्हणाली आणि शाई वाळायला फुंकर घातली.

मला फार लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो, अहवालात लिहिता येणार नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

घाम येऊन उतरल्यावर डोकं हलकं झालं. डॉक्टर प्राप्ती खुर्ची ओढून बसली. आज मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं.

पहिल्या वर्षी दवाखान्यातही ‘ताप आहे का’ असंच विचारत. कोणीच हो म्हणत नसे. जवानाने ताप आहे म्हटलं की ड्युटी सुटते, नाव आजाऱ्यांत जातं, सोबती कामचोर म्हणून चिडवतात, आणि वर ढाल जाते ती वेगळीच. मग तो गोळी खाऊन चार दिवस उभा राहतो आणि पाचव्या दिवशी कोसळतो. मैना घरच्या सवयीने कसर विचारायची. तिला माणसं खरं सांगतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. कसर सांगितली म्हणून कोणाचं नाव खराब होत नाही. मग त्यांनी ठरवलं, कसर म्हणणाऱ्या प्रत्येकाचं तापमान घ्यायचं, थोडं जरी जास्त निघालं तरी रक्त तपासायचं. नमुन्यात वेगळा रकाना नाही, म्हणून ही सगळी नावं तापाखालीच जातात. ‘क’ म्हणजे कंत्राटी नव्हे, कसर.

“सुरुवातीला एक घोळ झाला,” ती पहिल्यांदाच हसली. “हरियाणाचा एक जवान होता. मैनाताई रोज विचारायच्या कसर आहे का, आणि हा रोज छाती काढून सांगायचा, नहीं ताई, कोई कसर नहीं छोड़ी! त्याला वाटायचं, काम नीट केलंस का असं विचारतायत. अंगात एकशे दोन होता तेव्हाही तेच. त्याला दाखल करावं लागलं. मग सगळ्यांना शब्द शिकवला.”

“ढाल कधीच मिळणार नाही तुम्हाला,” मी म्हणालो.

“छत्रीला खिळा हवाच होता, सर.”

एवढी निगरगट्ट, सुंदर पोरगी मी बघितली नाही. निगरगट्ट हे कौतुकाने लिहिलंय.

जाता जाता तिने सहज विचारलं, “चावल्यापासून ताप यायला दहा-बारा दिवस तरी लागतात. इथे येऊन तुम्हाला लक्षणं दिसेपर्यंत तीन दिवस. म्हणजे हा तुम्ही घरून आणलाय. घरी कोण असतं?”

टाकी. मागच्या दारची उघडी टाकी. इथे चौसष्ट टाक्यांत बॅटरी मारत फिरलो आणि पासष्टावी माझ्या दारात.

तिथूनच विनिताला फोन लावला. “ताप आहे का” हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. विचारलं, “विनिता, अंगात कसर आहे का गं?”

ती म्हणाली, “अहो, कसर तर शनिवारच्या आधीपासून आहे. रोज संध्याकाळी थंडी वाजते. ताप नाही पण.”

शनिवारी मीच विचारलं होतं. चुकीचा शब्द विचारला आणि बरोबर उत्तर मिळाल्यासारखा झोपलो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

शेजारच्या प्रणालीने कालच विनिताला माणगावला नेलं. मलेरियाच. प्लेटलेट एकतीस हजार, वर साखर वाढलेली. ठेवून घेतलंय. तिथल्या डॉक्टरने प्रणालीला सांगितलं, घरी आणखी दोन दिवस काढले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. प्रणालीने ते मला तसंच सांगितलं, तिला आडपडदा माहीत नाही.

मला निघायचं होतं. डॉक्टर प्राप्तीने तिसरा डोस समोर घ्यायला लावला, पुढच्या चौदा दिवसांच्या गोळ्या पाकिटात घालून वर तारखा लिहिल्या, मग सोडलं. मैना गेटपर्यंत आली. “वहिनीला पेज द्या, नुसता पानी नको,” म्हणाली. मला रडू आलं, खरं ते लिहितो. गेटवरच्या जवानाने पिशवी तपासायची म्हणून तपासली आणि दुसरीकडे बघत राहिला.

बुधवार, २४ सप्टेंबर

विनिता घरी आली. चेहरा एवढासा झालाय. आल्या आल्या मागच्या दारी गेली. टाकीवर नवीन झाकण आहे, त्यावर मी रंगाने १ लिहिलंय. “एकच तर टाकी आहे, नंबर कशाला?” म्हणाली. दर शुक्रवारी सही करणार म्हटलं तर खूप दिवसांनी हसली.

शनिवार, २७ सप्टेंबर

मसुदा फाडला. चौकटीबाहेरचे आकडे मागवून घेतले, चारही ठिकाणचे.

उरण: ताप एकेचाळीसवरून एकशे बारा. पण हॉस्पिटलात दाखल सतरा होते, ते दोन झाले. ड्युटीचे बुडालेले दिवस तीनशे शहाऐंशीवरून चौऱ्याहत्तर. बाकी तीन ठिकाणी ताप निम्म्यावर, दाखल होणारे मात्र होते तेवढेच. एका ठिकाणी दोन जास्त. म्हणजे तिथे ताप कमी झाला नव्हता, सांगणं कमी झालं होतं. आणि त्या सांगण्याच्या कमतरतेला आम्ही ढाल देत होतो.

जुलैत हेच आकडे माझ्या हाताच्या अंतरावर होते.

मंगळवार, ३० सप्टेंबर

शिफारशींचा मसुदा मुख्यालयाला पाठवला होता. त्यांचा फोन आला. ‘कसर’ या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द द्या, म्हणजे चारही ठिकाणी लागू करता येईल. सकाळभर शब्दकोश चाळले. जो शब्द धरावा तो फिरून तापावरच येतो.

शेवटी मैनाला फोन केला. ती म्हणाली, “सायेब, शब्द कशाला बदलताव? तितल्या पोरांना इचारा, लानपनी तुमची आय काय बोलायची. प्रत्येकाचे घरान एक शब्द आसतोच.”

तेच लिहिलं. प्रत्येक तळाने आपल्या माणसांच्या घरचा शब्द शोधावा, तो रोज विचारावा, त्याला स्वतंत्र रकाना द्यावा. ढाल बंद करावी. उरणची फेरी आणि सेविकेचं पद कायम ठेवावं. एकतीस वर्षांत याहून चांगली शिफारस माझ्या हातून गेली नाही, आणि ही माझी नाहीच.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

टाकी तपासली. सही केली.

अहवाल आज जायचा. शेवटचं पान राहिलं होतं, घोषणापत्राचं. सकाळी डॉक्टर प्राप्तीशी बोललो. ती म्हणाली, “सर, तुमच्या आजारपणाचं रजिस्टरमध्ये आहेच. पण वहिनींचं कोणालाच माहीत नाही. ते लिहिलंत तर अहवाल बाजूला ठेवायला त्यांना आयतं कारण मिळेल. मैनाताईंचं पद जाईल.”

खरं होतं तिचं. एक ‘नाही’ लिहिलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. माझं ते नेहमीचं वळणदार ‘नाही’. दुपारपर्यंत पान समोर ठेवून बसलो. मैना फुंकर घालून शाई वाळवत होती, ते डोळ्यांपुढून जाईना. स्वतःच्या मुळावर येणारा आकडा त्या बाईने पेनाने लिहिला होता.

सगळी मूळ कोष्टकं अहवालाला जोडली आणि वर लिहिलं, माझ्या निष्कर्षावर विश्वास नसेल तर दुसऱ्या कोणाकडून हे आकडे पुन्हा मोजून घ्यावेत. कोणीही मोजो, उत्तर तेच येईल.

मग शेवटचं पान घेतलं. ‘मूल्यमापकास या कार्यक्रमापासून काही लाभ झाला आहे काय?’ होय. शब्द नवीन असल्याने वळण जमलं नाही.

आतून विनिता चहाला हाक मारत होती. ‘असल्यास तपशील द्यावा’ याच्यापुढे दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं, ‘पत्नी’. बाकीची जागा मोकळी सोडली आणि सही केली.